संसार वाटून घेण्याची सोपी पद्धत : नवशिक्यांसाठी

हे मार्गदर्शन पहिल्यांदाच वेगळं होणाऱ्यांसाठी आहे. ज्यांची ही दुसरी खेप आहे त्यांना यातलं बहुतेक ठाऊक असतं. शिवाय दुसऱ्या लग्नात त्यांनी पहिल्या दिवसापासून बिलं जपलेली असतात. नवशिक्याकडे लग्नाचे ढीगभर फोटो असतात आणि फ्रिजची पावती नसते. कोर्टाला नेमकं उलटं हवं असतं.

उदाहरणासाठी एक सर्वसाधारण जोडपं घेऊ. हिंदू विवाह कायद्याखाली लग्न झालेलं, पुण्यात किंवा ठाण्यात राहणारं, एक टू बीएचके, एक गाडी, पाच-पंचवीस तोळे सोनं, आणि या सगळ्याला पुरून उरेल एवढं कर्ज. भांडण कशावरून झालं यात आम्हाला रस नाही. तुम्हाला असला तरी या फायलीत तो नको. त्याची वेगळी फाइल असते आणि ती दोन्हीकडच्या आयांनी केव्हाच तयार ठेवलेली असते.

आधी एक समज काढून टाका

कोर्टाची पायरी चढणारा प्रत्येक नवशिका मनाशी एकच शब्द घोकत येतो : निम्मं. नवऱ्याला वाटतं निम्मं जाणार, बायकोला वाटतं निम्मं मिळणार. दोघंही इंग्रजी मालिका पाहून आलेले असतात. आपल्याकडे लग्नानंतर जमवलेलं सगळं दोघांचं, असा नियमच नाही. कागद ज्याच्या नावाचा, वस्तू त्याची. तुम्ही नाव लावलं नसेल पण पैसे घातले असतील, तर पैसे घातल्याचा कागद दाखवा. तोही नसेल तर तुम्ही त्या घरात इतकी वर्षं राहिलात याबद्दल कोर्टाला आनंद आहे, पुढची तारीख घ्या.

हिंदू विवाह कायद्यात मालमत्तेसाठी एक कलम आहे, सत्तावीस नंबरचं. लग्नाच्या वेळी किंवा त्याच्या आगेमागे भेट म्हणून आलेल्या आणि दोघांच्या सामाईक असलेल्या वस्तूंचं काय करायचं हे कोर्टाने निकालात ठरवावं, एवढं ते सांगतं. म्हणजे घटस्फोटाच्या निकालात वाटणी करायची म्हणून कायद्याने जो ऐवज नेमून दिला तो असा : डिनर सेट, भिंतीवरचं घड्याळ, चांदीचा करंडा, आणि ऑफिसातल्या मंडळींनी वर्गणी काढून दिलेला लेमन सेट. फ्लॅटचा वाद कौटुंबिक न्यायालयात आणता येतो, १९८४ च्या कायद्याने ती सोय केली आहे. पण तिथे पोचल्यावर पुन्हा तेच : नाव कुणाचं, पैसे कुणाचे.

संसदेने काही केलं नाही असं म्हणू नका. घटस्फोटाच्या वेळी बायकोला नवऱ्याच्या स्थावर मालमत्तेत वाटा मिळावा अशी तरतूद असलेलं विधेयक राज्यसभेने २०१३ मध्ये मंजूर केलं होतं. लोकसभेत ते मार्गी लागायच्या आत २०१४ उजाडलं, लोकसभा विसर्जित झाली आणि तिच्याबरोबर विधेयकही गेलं. त्यानंतर त्याची कुणाला फारशी आठवण झालेली दिसत नाही.

निम्म्याचा कायदा पाहायचाच असेल तर फार लांब जावं लागत नाही. बांद्याहून पत्रादेवीचा नाका ओलांडला की गोवा. तिथे पोर्तुगीज जाताना १८६७ चा आपला नागरी कायदा ठेवून गेले. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता एकत्र धरायची आणि वेगळं होताना निम्मी-निम्मी करायची, हे त्यातलं तत्त्व आजही चालू आहे. घर विकताना एकट्या नवऱ्याच्या सहीने भागत नाही, बायकोची सही लागते. वाटणीची रीतही आखून दिलेली : सगळ्या मालमत्तेची यादी कोर्टापुढे मांडायची, किंमत लावायची, दोघांना एकच वस्तू हवी असेल तर आपसात बोली लावायची. हे वाचून काही नवशिके गोव्यात भाड्याने घर बघायला लागतात. त्यांनी घाई करू नये. नुसता नाका ओलांडून हा कायदा अंगाला लागत नाही. तो लागू व्हायला लग्न आणि वास्तव्य दोन्ही मुळात तिथलं असावं लागतं. तुमचं लग्न सदाशिव पेठेतल्या कार्यालयात झालं असेल तर पुढे वाचा.

फाइल

कागदांची यादी वकील देतीलच. लग्ननोंदणीचा दाखला, आधार, पॅन, तीन वर्षांची बँक स्टेटमेंट, पगाराच्या स्लिपा, आयकराची विवरणपत्रं, फ्लॅटचा करारनामा, इंडेक्स टू, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, कर्जमंजुरीचं पत्र, गाडीचं आरसी, सराफाची बिलं.

हे सगळं कुठे असतं? ज्या घरातून तुम्ही बाहेर पडलात त्या घरातल्या कपाटात, मधल्या कप्प्यात, एका प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये. माणूस घर सोडताना चार कपडे घेतो, मोबाइलचा चार्जर घेतो, मुलाचं दप्तर घेतो. फोल्डर घेत नाही. घर सोडणारं माणूस बहुतेक वेळा बायको असते, आणि कोर्टातले पहिले सहा महिने तिची अडचण अन्यायाची नसते, झेरॉक्सची असते. तेव्हा अजून घरात असाल तर हे वाचून संपवा आणि कपाट उघडा. मूळ कागद हलवू नका, त्यावरून नवीन भांडण निघेल. मोबाइलवर फोटो काढून ठेवा. बाहेर पडला असाल तरी हात-पाय गाळू नका. इंडेक्स टूची प्रत नोंदणी विभागाकडून मिळते, संयुक्त खात्याचं स्टेटमेंट बँक देते, तुम्ही सभासद असाल तर सोसायटीही कागद देते. आणि समोरच्याकडचे कागद हजर करा असा हुकूम कोर्टाकडून मागता येतो. हुकूम झाला की समोरचा म्हणतो, सापडत नाहीत.

कोर्टाबाहेरच्या झेरॉक्सवाल्याशी ओळख करून घ्या. एक संच कोर्टाला, एक समोरच्याला, एक आपल्याला, हे तो न विचारता काढून देतो. कोर्टात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला महाराष्ट्रात स्टँप पेपर लागत नाही, हेही त्याला ठाऊक असतं, पण ते तो विचारल्याशिवाय सांगत नाही. स्टँप व्हेंडर शेजारीच बसतो. बायकांसाठी आणखी एक : नवरा-बायकोमधल्या पोटगी, घटस्फोट आणि मालमत्तेच्या वादात स्त्रीला कोर्ट फी माफ आहे, १९९४ पासून. खिडकीवरच्या कारकुनाला ते कधी आठवतं, कधी नाही, म्हणून आदेशाची प्रत पर्समध्ये असू द्या.

कौटुंबिक न्यायालयात वकील हा हक्काने मिळत नाही, कोर्टाची परवानगी घेऊन मिळतो. १९८४ चा कायदा करणाऱ्यांची कल्पना अशी होती की नवरा-बायको शांतपणे समोरासमोर बसतील आणि आपलं आपण मिटवतील. कल्पना चांगली होती. परवानगीचे छापील अर्ज तयार मिळतात.

मुख्य कागद : प्रतिज्ञापत्र

इथे मात्र बैठक मारून बसा. ४ नोव्हेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात निकाल दिला. मूळ प्रकरण आपल्या नागपूरचं, हेही अभिमानाने नोंदवून ठेवू. पोटगीच्या दाव्यात दोन्ही बाजूंनी आपल्या मालमत्तेचं आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र द्यायचं, आणि ते देशभर एकाच नमुन्यात, असं त्यात ठरलं. नमुने तीन आहेत. एक शहरी माणसासाठी, एक शेतीवर जगणाऱ्यासाठी, आणि तिसरा मेघालयासाठी, कारण तिथल्या कित्येक जमातींत घराणं आणि घर आईकडून चालतं, तेव्हा आपले रकाने तिथे उलटे पडतात. तिसरा नमुना आपल्याला लागत नाही, पण तो एकदा चाळून पाहावा. डोक्याला बरं वाटतं.

प्रतिज्ञापत्र पोटगीसाठी असलं तरी वाटणीची सगळी बोलणी पुढे याच कागदावरून होतात. पहिल्या पानावर नाव, वय, शिक्षण. मग लग्नाची तारीख, ती सगळ्यांना पाठ असते. मग विभक्त झाल्याची तारीख, आणि इथे पहिली ठेच लागते. बॅग घेऊन बाहेर पडलो तो दिवस? की त्याच्या आधी दोन वर्षं वेगळ्या खोलीत झोपत होतो ते? वकिलाला विचारा, कारण परस्पर संमतीच्या घटस्फोटाला वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं आणि एकाच छपराखाली राहूनही नवरा-बायको म्हणून न राहणं त्यात धरलं जातं. दोघांनी दोन वेगळ्या तारखा लिहिल्या तर निदान एवढं समजतं की संसार कधी संपला यावरही दोघांचं एकमत नव्हतं.

पुढे मासिक खर्चाचा रकाना. पोटगी मागणाऱ्याचा खर्च इथे फुगतो आणि पुढच्या पानावर पोटगी देणाऱ्याचा पगार आटतो. दोघांनाही वाटतं हे फक्त आपल्यालाच सुचलं. न्यायाधीशांनी त्या दिवशी सकाळपासून असे बरेच कागद पाहिलेले असतात. शिवाय तीन वर्षांचं बँक स्टेटमेंट सोबत जोडायचं असतं, आणि हल्ली माणूस चहाचे वीस रुपयेसुद्धा मोबाइलवरून देतो. ज्याने उत्पन्न नाही असं शपथेवर लिहिलं त्याच्या स्टेटमेंटमध्ये दर शनिवारी संध्याकाळी लोणावळ्याच्या हॉटेलचं बिल दिसतं. खोटं लिहू नका. नैतिकतेचं सोडा, शपथेवर खोटं बोलण्याबद्दल वेगळी कारवाई होते असं त्याच निकालात बजावून ठेवलं आहे.

कर्जाच्या रकान्यात एक विशेष प्रकार आढळतो, त्याला वडिलांकडून घेतलेले हातउसने म्हणतात. संसार सुरळीत चालू असताना हे कर्ज कुणाच्या कानावर आलेलं नसतं. भांडण सुरू झालं की ते आठवतं, आणि आकडा नेहमी बरोबर पाच लाख किंवा बरोबर दहा लाख असतो. त्याच्या शेजारचा रकाना आणखी खोचक आहे : लग्न टिकून असताना विकलेली किंवा दुसऱ्याच्या नावावर केलेली मालमत्ता, आणि तसं करण्याचं कारण. ज्या भावाच्या नावावर मागच्या दिवाळीत प्लॉट केलात त्याचं नाव इथे लिहायचं. कारणाला जागा थोडी ठेवली आहे, ते बरंच आहे.

समोरच्याची माहिती द्या, असाही एक भाग आहे. त्यात नवरा-बायकोची खरी गुणवत्ता दिसते. दहा वर्षांत ज्याला बायकोच्या हुद्द्याचं नाव नीट सांगता आलं नाही तो तिच्या प्रॉव्हिडंट फंडाचा आकडा रुपयापर्यंत लिहितो. जिने नवऱ्याला कधी पैशाबद्दल विचारलं नाही ती त्याच्या म्युच्युअल फंडांचे फोलिओ नंबर देते.

सोनं

नमुन्यात म्हटलं आहे, लग्नात व नंतर घेतलेल्या दागिन्यांचं थोडक्यात वर्णन द्या. बायको तीन पानं देते. नवरा एक ओळ देतो : एक मंगळसूत्र व काही किरकोळ. खरं या दोहोंच्या मध्ये कुठेतरी, म्हणजे बँकेच्या लॉकरमध्ये असतं, आणि लॉकरची किल्ली सासूबाईंकडे असते.

कायदा इथे स्वच्छ आहे. बाईला लग्नाआधी, लग्नात आणि नंतर मिळालेले दागिने आणि भेटी हे तिचं स्त्रीधन. नवरा किंवा सासर फार तर ते सांभाळणारे. सर्वोच्च न्यायालयाने हे १९८५ मध्येच सांगितलं. सासरकडून अंगावर घातलेलंही त्यातच आलं. पण कायदा स्वच्छ असणं वेगळं आणि सराफाचं बिल सापडणं वेगळं. बिल वडिलांच्या नावे असतं, त्यात तिच्या बांगड्यांबरोबर वहिनीच्या कानातल्या कुड्याही असतात. मग पाचव्या वर्षी पाटल्या मोडून त्यात भर घालून गोठ केलेले असतात. नव्या बिलावर मोड वजा जाऊन फक्त वरचा फरक दिसतो, आणि कोर्टापुढे चार तोळ्यांचे गोठ अठरा हजारांत घेतल्यासारखे दिसतात. तोळ्याचीही एक गंमत आहे. आजीच्या हिशेबात तोळा पावणेबारा ग्रॅमच्या आसपासचा, आजच्या सराफाच्या बोलण्यात दहा ग्रॅमचा. यादीत तोळे लिहू नका, ग्रॅम लिहा. नाहीतर वीस तोळ्यांमागे तीन-साडेतीन तोळे तुमच्या शब्दातच हरवतील.

फोटोंचा उपयोग इथे होतो. अल्बम काढा, भिंग घ्या. वधूच्या गळ्यात ठुशी, वजरटीक, बोरमाळ आणि लक्ष्मीहार दिसतोय असा प्रत्येक फोटो वेगळा काढून मागे तारीख घाला. सप्तपदीचा फोटो भावनेच्या दृष्टीने कितीही मोलाचा असला तरी त्यात भटजींचा हात मध्ये आला असेल तर पुरावा म्हणून तो कामाचा नाही.

आहेराची वही

फार थोड्या लोकांना माहीत असलेली एक गोष्ट. हुंडाबंदी कायद्याखाली १९८५ चे नियम आहेत. त्यांत लग्नात वधूला आलेल्या भेटींची एक यादी आणि वराला आलेल्यांची दुसरी, अशा दोन याद्या करायला सांगितलं आहे. वस्तूचं वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव, देणाऱ्याचं नातं, आणि खाली वधू-वर दोघांच्या सह्या. अशी यादी कायद्याच्या धाकाने केलेलं एकही घर आमच्या पाहण्यात नाही. पण मराठी घरात ती असतेच, कायद्याच्या नव्हे तर फेडीच्या धाकाने. कार्यालयाच्या दाराशी एक मामा वही घेऊन बसतो. लाल शाईने श्री लिहून खाली ओळी : कुलकर्णी काका ५०१, नाशिकची आत्या साडी (नारायणपेठ), बँकेतले सर्व मिक्सर, देशपांडे (कोणते?) १०१. पत्रिकेवर आपली उपस्थिती हाच आमचा आहेर असं छापलेलं असलं तरी वही असतेच.

ही वही शोधा. मिक्सर कुणाच्या बाजूचा याचा तो एकमेव लेखी पुरावा आहे. वही बहुधा मुलाच्या आईकडे किंवा मुलीच्या आईकडे सापडेल, मात्र ती देताना आई एक गोष्ट जरूर विचारते : नाशिकच्या आत्याच्या मुलीला आपण काय दिलं होतं?

भांडीकुंडी

यादी कोर्टात अशी द्यायची. रकाने तीन : वर्णन, नग, शेरा. कुकर पाच लिटर, नग एक, शेरा शिट्टी नाही. स्टीलची ताटं, नग अकरा, शेरा बारावं वादीच्या आईकडे. देवघर लाकडी, नग एक, देव प्रतिवादीने नेले. वस्तू ताब्यात देण्याचा हुकूम झाला की बेलिफ किंवा कोर्टाचा माणूस येतो, एकेक वस्तू पुकारतो, दोघं हो-नाही म्हणतात, खाली सह्या होतात. शेजारी दारं किलकिली करून उभे असतात. टेम्पो तासावर ठरवू नका, खेपेवर ठरवा. चमचे मोजायला लागले की तास जातो.

या रकान्यांबद्दल एवढा वेळ बोललो तर एक नसलेला रकानाही दाखवून ठेवतो. तीन वर्षांचं बँक स्टेटमेंट मागणाऱ्या प्रतिज्ञापत्राच्या नमुन्यात मिळकतीला जागा आहे, भाड्याला आहे, शेअरला आहे. रोज सकाळी साडेपाचला उठून केलेल्या डब्यांना नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या पाहणीत घरकाम करणाऱ्या बाईचा दिवसातला वेळ सरासरी २९९ मिनिटं निघाला, घरकाम करणाऱ्या पुरुषाचा ९७. ही मिनिटं कुठल्या पानावर लिहायची? पोटगी ठरवताना न्यायाधीशांनी बायकोने संसारासाठी सोडलेल्या नोकरीचा विचार करावा असं रजनेश-नेहाच्या निकालात म्हटलं आहे आणि बरेच न्यायाधीश तो करतातही, पण तो पोटगीपुरता. फ्लॅटवर त्याने नाव चढत नाही. घरकामाला पैशात किंमत लावायची सवय आपल्या कोर्टांना आहे, नाही असं नाही. गृहिणी रस्ते अपघातात गेली की तिच्या कामाचं उत्पन्न धरून भरपाई काढतात, २०२१ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने त्यावर सविस्तर लिहिलं आहे. म्हणजे भाकरीची किंमत ठरते, फक्त त्यासाठी भाकरी करणारीला ट्रकखाली जावं लागतं. जिवंत राहून वेगळं व्हायचं असेल तर इंडेक्स टूवर नाव असलेलं बरं.

फ्लॅट

अलीकडे एक मजेची गोष्ट झाली आहे. १ एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात बाईच्या एकटीच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट मिळते. साठ लाखांच्या घरामागे साठ हजार वाचतात म्हटल्यावर ज्यांच्या घरात विजेच्या बिलावरही बाईचं नाव नव्हतं त्यांनी आख्खा फ्लॅट तिच्या नावावर केला. आता तेच नवरे वकिलापुढे बसून सांगतात, साहेब, ते फक्त नावापुरतं होतं. साहेबांनी हे वाक्य बायकांच्या तोंडून फार वर्षं ऐकलेलं असतं : साहेब, नाव त्यांचं होतं, पण माझ्या पगारातून हप्ते जात होते. उत्तर दोघांनाही सारखंच मिळतं. हप्ते कुणाच्या खात्यातून गेले ते दाखवा.

फ्लॅट दोघांच्या नावावर असेल तर प्रश्न नावाचा नसून बँकेचा असतो. कर्ज दोघांनी घेतलेलं आहे. तुमचा घटस्फोट झाला म्हणून बँकेचा तुमच्यापैकी कुणाशीही घटस्फोट होत नाही. निकालात काहीही लिहिलं असलं तरी हप्ता चुकला की फोन दोघांना येतो. म्हणून ज्याने घर ठेवायचं त्याने स्वतःच्या एकट्याच्या पगारावर कर्ज नव्याने करून घ्यावं, आणि ते मिळतंय का हे सह्या करण्याआधी विचारावं. नंतर विचारणारे पुष्कळ आहेत.

समझोता

बहुतेक प्रकरणं शेवटी समुपदेशकाच्या खोलीत किंवा मध्यस्थीत मिटतात, आणि ते चांगलंच आहे. समुपदेशकापुढे माणूस पहिल्या दिवशी संसाराबद्दल बोलतो आणि चौथ्या दिवशी पार्किंगबद्दल. पार्किंगपर्यंत पोचलात की समजा मार्गी लागलं. मग कन्सेंट टर्म्स लिहायच्या. परस्पर संमतीच्या अर्जानंतर सहा महिने थांबावं लागतं. दोघं आधीच दीड वर्ष वेगळं राहत असतील आणि सगळं मिटलेलं असेल तर कोर्ट हे थांबणं माफ करू शकतं, सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ते सांगितलं.

कन्सेंट टर्म्समध्ये सोयीनुसार, यथावकाश आणि परस्पर सामंजस्याने हे तीन शब्द येऊ देऊ नका. सामंजस्य असतं तर तुम्ही इथे नसता. तारीख लिहा, रक्कम लिहा, डिमांड ड्राफ्ट की एनईएफटी ते लिहा. सोसायटीची थकबाकी कुणी भरायची ते लिहा. गाडीचं आरसी बदलून देण्यासाठी फॉर्मवर सह्या कधी होणार ते लिहा. एकरकमी पोटगीतली निम्मी रक्कम पहिल्या जबाबाला आणि निम्मी शेवटच्या जबाबाला, अशी पद्धत आहे, आणि ती अनुभवातून आलेली आहे.

आता फ्लॅटमधला आपला निम्मा हिस्सा नवऱ्याने बायकोला द्यायचा ठरलं, असं धरू. फ्लॅट हा दाव्याचा विषय नसेल तर नुसत्या कोर्टाच्या हुकमाने काम होत नाही, दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदवावा लागतो. इथे नवशिके लाखोंनी गमावतात. नवऱ्याने बायकोला राहतं घर बक्षीसपत्राने दिलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क दोनशे रुपये आहे. पण नवऱ्याने बायकोला! निकाल लागला की तुम्ही एकमेकांचे कुणी नसता आणि शुल्क बाजारमूल्यावर पडतं. तेव्हा हुकूम होण्याआधी, नातं कागदावर जिवंत असताना, दस्त उरकून घ्या. बँकेची ना हरकत आधी लागेल. बक्षीसपत्रात मोबदला नाही असं लिहायचं असतं आणि कन्सेंट टर्म्समध्ये तोच फ्लॅट पोटगीपोटी दिला असं येऊ शकतं, म्हणून दोन्ही मसुदे एकाच वकिलाच्या नजरेखालून जाऊ द्या.

बक्षीसपत्राचा मसुदा ठरीव असतो. ज्यांचं शेवटचं बोलणं वकिलांच्या नोटिशीतून झालं आहे अशी दोन माणसं निबंधक कार्यालयातल्या बाकावर टोकन घेऊन बसतात, आणि नवऱ्याने ज्यावर अंगठा उठवायचा त्या कागदात लिहिलेलं असतं की लिहून घेणार या माझ्या पत्नी असून त्यांच्याविषयी मला वाटणाऱ्या नैसर्गिक प्रेमापोटी व आपुलकीपोटी सदरची मिळकत मी राजीखुशीने देत आहे. हे वाक्य काढून टाका असा आग्रह धरणारे नवरे भेटतात. धरू नका. बक्षीसपत्रात मोबदल्याची जागा त्या प्रेमाने भरून काढायची असते. वाचून दाखवायला लागलेच तर खाली बघून ऐका, अंगठा लावा, फोटो काढू द्या, दोन साक्षीदारांना चहा पाजा.

हुकूम झाल्यावर

नक्कल विभागात अर्ज करून निकालाच्या सहीशिक्क्याच्या प्रती मागा, चार-पाच तरी. बँक एक ठेवून घेते, सोसायटी एक, पासपोर्टवाले एक बघतात. सोसायटीच्या सेक्रेटरीला निकाल सगळा वाचायची हौस असते. त्याला फक्त मालमत्तेचा उतारा आणि दस्ताची प्रत द्या.

विमा, प्रॉव्हिडंट फंड, मुदत ठेवी आणि डिमॅट खात्यावरची नामनिर्देशनं एकेक करून बदला. घटस्फोट झाला की ती आपोआप बदलतात असं समजू नका. फॉर्म भरल्याशिवाय काही हलत नाही, आणि ते काम पुढच्या महिन्यावर ढकललं की पाच वर्षं राहून जातं. गॅसचं कनेक्शन ज्याच्या नावावर आहे त्याच्याकडून दुसऱ्याच्या नावावर करायला दोघांनी एजन्सीत जावं लागलं तर जा, सिलिंडर भरलेला असताना जा.

विजेच्या मीटरचं सगळ्यात शेवटी राहतं. नाव बदलायचा अर्ज द्या, सोबत इंडेक्स टू जोडा, आणि बिल त्याच्या नावाने येत राहिलं तरी ते वेळेवर भरत राहा. नाव कुणाचंही असो, अंधार घरात राहणाऱ्याच्याच वाट्याला येतो.